विंची गावचा लिओनार्दो आणि त्याच्या नावाची कादंबरी



गेल्या महिन्यात रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील कॉलेजात शिकणारी एक मुलगी सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबली होती. तिच्या हातात एक जाडजूड पुस्तक होते, द दा विंची कोड. मैत्रिणीने आग्रहाने दिले होते. हे वाचले तर पाप लागेल का, आणि नाही वाचले तर आपले काही हुकेल का, असे दोन प्रश्न तिने एका दमात विचारले. प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र आमच्या ओठांवर आले नाही, कारण याच प्रश्नाचे उत्तर आम्ही पूर्वी एकदा दिले होते आणि ते चुकले होते.

डॅन ब्राऊन या अमेरिकन लेखकाची ही कादंबरी २००३ साली आली आणि कोट्यवधी प्रतींनी खपली. मराठीतही तिचा अनुवाद झाला. २००६ साली तिच्यावर चित्रपट निघाला. मुंबईत ख्रिस्ती संघटनांनी निदर्शने केली. भारतात तो केवळ प्रौढांसाठी म्हणून आणि हे सारे काल्पनिक आहे अशी सूचना दाखवून प्रदर्शित झाला. गोव्यासह काही राज्यांनी त्यावर बंदी घातली. आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो. सुट्टीत घरी गेलो असता आमच्या आळीतील एका तरुणाने हाच प्रश्न विचारला. आम्ही मोठ्या गांभीर्याने सांगितले की ते पुस्तक म्हणजे कचरा आहे, त्याला हातही लावू नये. त्यावर त्याने विचारले की तुम्ही ते वाचले आहे का. आम्ही वाचले नव्हते. तो हसला आणि निघून गेला. पुढे त्याने पुस्तक वाचले, त्यातले सगळे खरे मानले आणि लहानपणापासून आपल्याला फसवले गेले असे ठरवून टाकले. त्यानंतर तो आम्हाला लग्नाला आणि मयतीलाच काय तो मंदिरात दिसला. त्याच्या विश्वासाला तडा गेला त्यात पुस्तकाचा वाटा किती आणि आमच्या आयत्या उत्तराचा किती, हे देव जाणे.

म्हणून या वेळी आम्ही त्या मुलीला दोन आठवड्यांची मुदत मागितली. पुस्तकाच्या नावातच ज्याचे नाव आहे, त्यालाच आधी विचारून पाहू, असे म्हटले. तो वारून पाचशे वर्षे झाली असली तरी मागे इतके कागद ठेवून गेला आहे की बऱ्याच प्रश्नांची उत्तरे त्याच्या आयुष्यातूनच मिळतात. ते आयुष्य आज आपणापुढे ठेवत आहोत.

आजोबांची नोंद

इटलीतील तोस्काना प्रांतात विंची नावाचे छोटे गाव आहे. तेथे १५ एप्रिल १४५२ रोजी, शनिवारी रात्री, लिओनार्दोचा जन्म झाला. दा विंची म्हणजे विंचीचा. ते आडनाव नव्हे. नुसते दा विंची म्हणणे म्हणजे एखाद्याचे नाव गाळून त्याला नुसते अमक्या गावचा अशी हाक मारण्यासारखे आहे. कला-इतिहासाचे अभ्यासक त्याला लिओनार्दोच म्हणतात. कादंबरीच्या मुखपृष्ठावरच ही पहिली ठेच लागते.

वडील पिएरो हे दस्तऐवज करणारे नोटरी होते. आई कातेरिना ही गरीब घरची मुलगी. दोघांचे लग्न झाले नव्हते, पुढेही झाले नाही. तरीही आजोबा अंतोनियो यांनी घरच्या वहीत नातवाच्या जन्माची नोंद केली. त्याला बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूचे नाव आणि दहा धर्ममातापित्यांची नावेही लिहून ठेवली. लग्नाबाहेरचे मूल म्हणून त्या घराने त्याला लपवले नाही. ही नोंद वाचताना आम्हाला फार बरे वाटते. आपल्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातही अशी किती आयुष्ये एका ओळीत बसलेली असतात!

अनौरस असल्यामुळे वडिलांचा व्यवसाय त्याला बंद होता. लॅटिनचे रीतसर शिक्षणही मिळाले नाही. चौदा-पंधरा वर्षांचा असताना तो फ्लॉरेन्सला वेरोक्किओ या नामवंत कलाकाराच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. तेथे चित्रे होत, पुतळे होत, धातूचे ओतकामही होई. येशूच्या बाप्तिस्म्याच्या एका मोठ्या चित्रात गुरूने त्याला डावीकडचा देवदूत रंगवायला दिला. ते चित्र आज फ्लॉरेन्सच्या उफ्फित्सी संग्रहालयात आहे, आणि जाणकार नसलेल्यालाही तो देवदूत वेगळ्या हातचा आहे हे कळते. १४७२ पर्यंत चित्रकारांच्या संघात त्याचे नाव लागले. १४७६ साली एका निनावी तक्रारीत इतर तरुणांबरोबर त्याच्या वर्तनावरही ठपका आला, पण साक्षीला कोणी पुढे न आल्यामुळे प्रकरण निकालात निघाले.

अर्धवट राहिलेली कामे

लिओनार्दोचा मोठा दोष म्हणजे हाती घेतलेले काम पुरे न करणे. १४८१ साली एका मठाने त्याला मागी लोकांच्या आराधनेचे चित्र सांगितले. ते तसेच टाकून तो मिलानला गेला. तेथील सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला लिहिलेल्या अर्जाच्या मसुद्यात त्याने पूल, तोफा, वेढ्याची यंत्रे अशी यादी दिली आहे आणि चित्रकला शेवटी उल्लेखिली आहे. स्फोर्झाच्या वडिलांच्या स्मारकासाठी प्रचंड घोड्याचा मातीचा नमुना त्याने केला. त्यासाठी साठवलेले कासे मात्र १४९४ साली तोफांकडे वळवले गेले.

मिलानमधील त्याचे पहिले मोठे काम म्हणजे खडकांमधील मरियामाता. त्याचा करार २५ एप्रिल १४८३ चा आहे. काम देणारे होते निष्कलंक गर्भसंभवाच्या नावाने चालणाऱ्या प्रापंचिकांच्या बंधुसंघाचे सभासद. पैशांवरून वाद झाला आणि तो पंचवीसेक वर्षे रेंगाळला. या चित्राच्या दोन आवृत्त्या झाल्या, एक पॅरिसला आहे, दुसरी लंडनला. कादंबरीत हे काम धर्मभगिनींनी दिले असे येते. वादाला धर्मगुपिताचे रूप दिले आहे. शिवाय नायिका पॅरिसमधील चित्र भिंतीवरून काढून ढालीसारखे पुढे धरते. ते चित्र जवळजवळ दोन मीटर उंच आहे. वादाचे खरे कारण मजुरी होते, हे मात्र कागदोपत्री नोंदलेले आहे. मजुरीच्या वादावर थरारक कादंबरी निघत नाही, हे आम्हालाही मान्य आहे.

भोजनगृहाची भिंत

आता सर्वांत महत्त्वाचे चित्र. साधारण १४९५ ते १४९८ या काळात मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिये या दोमिनिकन मठाच्या भोजनगृहात लिओनार्दोने प्रभूचे शेवटचे भोजन रंगवले. भिंतीवरचे हे चित्र सुमारे ४.६ मीटर उंच आणि ८.८ मीटर रुंद आहे. मठवासी जेवायला बसत तेव्हा समोर प्रभू आपल्या शिष्यांसह जेवत असल्याचे दिसे.

ओल्या गिलाव्यावर भराभर रंगवण्याची रीत त्याला मानवणारी नव्हती. त्याला थांबून, विचार करून रंगवायचे होते. म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंग दिला. परिणाम असा की त्याच्या हयातीतच रंगाचे पोपडे सुटू लागले. त्याचे चरित्रकार वासारी एक गोष्ट सांगतात. मठाच्या प्रमुखाने कामाच्या दिरंगाईबद्दल तक्रार केली, तेव्हा लिओनार्दोने सत्ताधीशाला कळवले की यहूदाला शोभेल असा चेहरा अजून सापडत नाही आणि फारच घाई असेल तर प्रमुखांचाच चेहरा वापरता येईल. गोष्ट खरी असो वा रचलेली, पुढे तक्रार थांबली असे म्हणतात!

१६५२ साली त्या भिंतीत दार पाडले गेले आणि प्रभूचे पाय गेले. १७९६ साली नेपोलियनचे सैन्य आले, तेव्हा त्या दालनाचा तबेला झाला. ऑगस्ट १९४३ मध्ये बॉम्बवर्षावात भोजनगृह ढासळले, पण वाळूच्या पोत्यांनी झाकलेली ही भिंत उभी राहिली. वीस वर्षांहून अधिक चाललेले जतनाचे काम १९९९ साली पुरे झाले.

कादंबरीचे सारे रहस्य या भिंतीवर उभे आहे. प्रभूच्या उजव्या हाताला बसलेली कोवळ्या चेहऱ्याची, दाढी नसलेली व्यक्ती म्हणजे मग्दालिया मरिया होय, ती येशूची पत्नी होती आणि लिओनार्दोने ते गुपित चित्रात दडवले, असा तिचा दावा आहे.

हा दावा आम्ही झटकून टाकत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांची एक रीत आमच्या अंगवळणी पाडली गेली. विरोधकाचा आक्षेप आधी आणि पूर्ण ताकदीने मांडायचा, मग उत्तर द्यायचे. तर मान्य करू की तो चेहरा स्त्रीसारखा नाजूक दिसतो. पण त्या काळातील फ्लॉरेन्सच्या चित्रकारांनी संत योहानाला असाच तरुण, बिनदाढीचा आणि लांब केसांचा रंगवला आहे. तो बारांमध्ये सर्वांत लहान, अशी परंपरा होती. दुसरे म्हणजे चित्रात येशूसह तेरा जण आहेत. ही व्यक्ती मग्दालिया मरिया असेल तर ज्याचे प्रभूवर आणि प्रभूचे ज्याच्यावर विशेष प्रेम, तो योहान त्या रात्री गेला कुठे? तिसरे, स्वित्झर्लंडमधील पोन्ते काप्रियास्काच्या चर्चमध्ये सोळाव्या शतकातील या चित्राची नक्कल आहे. तीत शिष्यांची नावेच लिहिलेली आहेत.

मुख्य म्हणजे योहानकृत शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडून चित्रासमोर धरावा. तुमच्यातील एक जण माझा विश्वासघात करील, असे प्रभूने सांगितल्यानंतरचा तो क्षण आहे. पेत्र योहानाला खुणावतो की कोणाबद्दल बोलत आहेत ते विचार. चित्रात पेत्र पुढे झुकून योहानाच्या कानाशी लागला आहे आणि योहान त्याच्याकडे कलला आहे. म्हणून त्याच्या आणि प्रभूच्या मध्ये ती मोकळी जागा पडली आहे. कादंबरीत ज्या सुरीच्या हाताला धड नाही असे सुचवले आहे, तो पेत्राचाच मुरडलेला हात आहे. काही तासांनी बागेत हाच हात तलवार उपसणार आहे. पवित्र प्याला दिसत नाही यावरही कादंबरीत बरेच रान उठवले आहे. परंतु योहानाच्या शुभवर्तमानात भाकर व द्राक्षारसाच्या स्थापनेचा प्रसंगच नाही. तेथे पाय धुणे आहे आणि विश्वासघाताचे दुःख आहे. लिओनार्दोने शुभवर्तमान नीट वाचले होते. आपणही तेवढे करायला हवे.

रोम, वह्या आणि लिसाबाई

१४९९ साली फ्रेंच सैन्याने मिलान घेतले आणि लिओनार्दो बाहेर पडला. १५०२ साली तो चेझारे बोर्जा याच्या पदरी लष्करी अभियंता झाला. हा बोर्जा पोप सहावे अलेक्झांडर यांचा मुलगा, एकेकाळचा कार्डिनल आणि क्रूर सेनानी. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हे पान काळे आहे. ते लपवण्यासारखे नाही आणि त्यासाठी कादंबरीची गरजही नाही, ते इतिहासाच्या पुस्तकात उघड छापलेले आहे.

१५०३ च्या सुमारास फ्लॉरेन्सला त्याने फ्रांचेस्को देल जोकोंदो या रेशीम व्यापाऱ्याच्या पत्नीचे चित्र सुरू केले. तिचे नाव लिसा. मोना म्हणजे बाईसाहेब, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. २००५ साली हायडेलबर्गच्या ग्रंथालयातील एका जुन्या पुस्तकाच्या समासात ऑक्टोबर १५०३ ची टीप सापडली आणि त्या बाईंची ओळख पक्की झाली. कादंबरीत या नावाची अक्षरे फिरवून इजिप्तच्या देवदेवतांची नावे काढली आहेत. पण लिओनार्दोने त्या चित्राला हे नाव दिलेच नव्हते, ते मागाहून रूढ झाले.

१५१३ ते १५१६ तो रोममध्ये होता. कादंबरीत त्याला व्हॅटिकनकडून शेकडो कामे मिळाली असे येते. वास्तवात आज त्याच्या हातची म्हणून मान्य असलेली सर्व चित्रे मिळून वीसच्या आसपास आहेत आणि रोममध्ये त्याने फारसे काही रंगवले नाही. पोप दहावे लिओ यांनी एक काम सांगितले, तर हा गृहस्थ आधी शेवटी लावायच्या रोगणासाठी तेले गाळत बसला. ते पाहून हा माणूस काही पुरे करणार नाही असे पोपमहोदय वैतागून म्हणाले, असे वासारी सांगतात.

त्याच्या वह्यांची सुमारे सात हजार पाने आज उरली आहेत. पाण्याचे भोवरे, पक्ष्यांचे पंख, हृदयाच्या झडपा, घरखर्च, सगळे एकत्र. अक्षरे उजवीकडून डावीकडे, आरशात वाचावीत अशी. ही गुप्त लिपी नव्हे. डावखुऱ्या माणसाचा हात ओल्या शाईवरून फिरू नये, यासाठी ती सोयीची पद्धत होती. त्याने सुमारे तीस प्रेतांचे विच्छेदन केले. फ्लॉरेन्सच्या रुग्णालयात शंभरीच्या एका वृद्धाशी तो बोलत बसला होता. तो वृद्ध शांतपणे गेला आणि इतक्या शांत मरणाचे कारण शोधण्यासाठी त्याने त्याचे शरीर उघडून पाहिले. अशा माणसाला गुपिते दडवण्याची हौस नव्हती, ती उघडण्याची होती.

तो श्रद्धावान होता का?

हा प्रश्न आम्हाला कादंबरीपेक्षा अधिक बोचतो. त्याच्या वह्यांत काही मठवासीयांवर टोमणे आहेत. शरीररचनेपुढे थक्क होऊन निर्मात्याची थोरवी गाणारी पानेही आहेत. वासारींनी १५५० च्या पहिल्या आवृत्तीत लिहिले की त्याची मते पाखंडी होती आणि ख्रिस्ती असण्यापेक्षा तत्त्वज्ञ असणे त्याला थोर वाटे. १५६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी हे काढून टाकले. तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेल्या आम्हाला ते काढलेले वाक्य फार ओळखीचे वाटते. बुद्धीचा ताठा आणि देवाची ओढ एकाच माणसात राहू शकतात.

आयुष्याची अखेरची वर्षे त्याने फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्या आश्रयाने आंब्वाज येथे काढली. १५१७ साली एक कार्डिनल त्याला भेटायला गेले, तेव्हा त्याचा उजवा हात लुळा पडला होता. २३ एप्रिल १५१९ रोजी त्याने मृत्युपत्र केले. आत्मा देवाच्या, पवित्र मरियेच्या, संत मिखाएलाच्या आणि सर्व देवदूत व संतांच्या हवाली केला. गायन मिस्सा आणि साध्या मिस्सा किती व्हाव्यात ते ठरवून दिले. अंत्ययात्रेत साठ गरीब माणसांनी मेणबत्त्या धराव्यात आणि त्यांना त्याचा मोबदला मिळावा, असेही लिहिले. वासारींच्या म्हणण्याप्रमाणे त्याने पापनिवेदन करून पवित्र साक्रामेंत स्वीकारले. २ मे १५१९ रोजी तो वारला.

अशी मृत्युपत्रे त्या काळची रूढी होती, हे खरे. त्यावरून आम्ही त्याला संत ठरवत नाही. पण एका गुप्त ख्रिस्तविरोधी पंथाचा प्रमुख म्हणून तर तो मुळीच ठरत नाही. ज्या सायन मठाचा तो प्रमुख होता असे कादंबरी सांगते, तो पंथ १९५६ साली फ्रान्समध्ये पियेर प्लांतार नावाच्या गृहस्थाने नोंदवला. नंतर बनावट कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवले गेले आणि त्या यादीत लिओनार्दोचे नाव घुसडले गेले. कादंबरीच्या आरंभी मात्र हा पंथ १०९९ सालचा आहे आणि आतील कलाकृतींची वर्णने अचूक आहेत असे वस्तुस्थिती म्हणून छापले आहे. कल्पित लिहिण्याचा लेखकाला पूर्ण अधिकार आहे. आमची तक्रार त्या एका पानाबद्दल आहे.

मग वाचावे की नाही?

कादंबरीच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ती वेगवान आहे. आम्ही ती अखेर वाचली तेव्हा दोन रात्री जागलो. दुसरे, तिने मग्दालिया मरियेची चर्चा घरोघर नेली. पोप ग्रेगरी यांच्या ५९१ सालच्या एका प्रवचनापासून पश्चिमेत तिची गल्लत पापी स्त्रीशी झाली होती. शुभवर्तमानात तसे कुठेही नाही. ही चूक ख्रिस्तसभेची होती. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांच्या काळात २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा मिळाला. पुनरुत्थित प्रभूची पहिली साक्षीदार हा तिचा मान कोणाची पत्नी असण्यावर अवलंबून नाही. तो हिरावून कादंबरीने तिला केवळ वंशवेलीचे साधन केले, हे आम्हाला अधिक खटकते.

निषिद्ध पुस्तकांची यादी ख्रिस्तसभेने १९६६ सालीच रद्द केली. तेव्हा हे पुस्तक वाचणे पाप आहे असे आम्ही सांगणार नाही. लांबच्या प्रवासात करमणूक म्हणून वाचायचे तर वाचावे, पण आरंभीचे ते पान पेन्सिलीने खोडून. इतिहास किंवा श्रद्धा समजून घेण्यासाठी वाचायचे असेल, तर तो वेळ वाया जाईल. आणि एकच शनिवार-रविवार मोकळा असेल, तर त्याहून मोठे रहस्य आपल्या घरातच टांगलेले आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी जेवणाच्या टेबलावर लिओनार्दोच्या त्या चित्राची प्रत असते. आज घरी गेल्यावर ती खाली काढून पुसा आणि मुलांना घेऊन पाहा. हातात थैली आवळलेला, मागे सरकलेला यहूदा शोधा. त्याआधीचे कित्येक चित्रकार यहूदाला टेबलाच्या पलीकडे एकटा बसवत, म्हणजे दोषी चटकन ओळखू यावा. लिओनार्दोने त्याला इतरांच्या रांगेत, पेत्र आणि योहान यांच्या शेजारी बसवले. प्रभूने त्याला पंगतीतून उठवले नाही.

दोन आठवड्यांनी ती मुलगी आली. आम्ही हे सारे तिला सांगितले. तिने पुस्तक निम्मे वाचले होते. विश्वासघात करणार हे ठाऊक असूनही प्रभूने यहूदाला जेवायला का ठेवले, असे तिने विचारले. या प्रश्नासाठी दोन आठवडे पुरणार नाहीत, असे आम्ही म्हटले. या लेखाची एक प्रत आम्ही आमच्या आळीतील त्या तरुणालाही पाठवत आहोत. त्याच्या तेव्हाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला उशीर झाला, याची क्षमा त्यासोबत मागत आहोत.

प्रभूच्या पंगतीत आपणा सर्वांची जागा राखलेली आहे. त्याची शांती आपणाबरोबर असो.